हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर गप्पा मारणारे गेले कुठे?

खरखर_४०: संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर (म्हणजे चाळीस मीटरवरच) सीक्यू सीक्यू, कुणी आहे का, असं ओरडून घसा बसतो, उत्तर देणारे तेच दोन-तीन आजोबा. नवीन पोरं लायसन्स काढतात नि गायब, असं का?

तारवाला: गायब कसली, एफटी८ ह्या डिजिटल मोडवर आहेत. २०१७ ला आलं ते, १५ सेकंदांचे स्लॉट, कॉम्प्युटरच बोलतो कॉम्प्युटरशी, कॉलसाइन (स्टेशनची ओळख) नि सिग्नलचा रिपोर्ट झाला की पुढचा. ह्याला काय गप्पा म्हणायच्या?

नवा_व्हीयू३: काका, सोसायटीवाले गच्चीवर डायपोल (तारेची अँटेना) लावू देत नाहीत, २० मीटर तार ताणू कुठे? त्यात एलईडी दिव्यांची खरखर. खिडकीतल्या तारेवर आवाज पोचत नाही, एफटी८ पोचतं.

तारवाला: मग मोर्स कोड शीक की रे, तेपण पोचतं खिडकीतून. अमेरिकेने २००७ लाच लायसन्सच्या परीक्षेतून काढलं, आपल्याकडे जनरल ग्रेडच्या लायसन्सला लागतंच.