‘स्पेअर द रॉड’मधला रॉड म्हणजे मारायची छडीच का?

धागाकर्ता:
मुलांना मारण्याचा विषय निघाला की कुणीतरी ‘स्पेअर द रॉड अँड स्पॉइल द चाइल्ड’ (छडी आवरली की पोर बिघडतं) हे बायबलचं वाक्य म्हणून पुढे करतंच. अहो, बायबलमध्ये हे शब्द असे नाहीतच, ते सॅम्युअल बटलरच्या ‘ह्युडिब्रास’ या 17व्या शतकातल्या विडंबनकाव्यातले आहेत आणि तिथे चाइल्ड म्हणजे घरातलं पोर नाही, प्रेमाला बालक म्हटलंय. बायबलमधला रॉड मला मेंढपाळाची काठी वाटते. 23व्या स्तोत्रात ती धीर देते, मग ती मारायची कशी?

प्रतिसाद 1:
बटलरचं बरोबर, पुढचं नाही पटलं. बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकातल्या 13:24 चा अर्थच आहे की जो छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो. आणि 23:13 मध्ये तर सरळ म्हटलंय, छडीने मारलंस म्हणून तो मरणार नाही. इथे मेंढ्या कुठून आणणार? आज पटत नाही म्हणून जुना मजकूर गुळगुळीत करून घ्यायचा हे मला अजिबात मान्य नाही.

प्रतिसाद 2:
पण मूळ हिब्रू शब्द ‘शेवेत’ बघा ना. काठी, राजदंड आणि चक्क टोळी, इस्राएलच्या 12 वंशांनाही हाच शब्द. बायबलच्याच लेवीय या पुस्तकात जनावरं मोजताना ती काठीखालून जातात तिथेही हाच. एवढी कामं करणाऱ्या काठीला फक्त फटक्याशी बांधून टाकणं अन्याय आहे.

प्रतिसाद 1:
राजदंडातही दंड आहेच की! रोममध्ये अधिकाऱ्यांपुढे छड्यांची मोळी घेऊन माणसं चालायची, त्या छड्यांनी खरोखर फटके दिले जायचे. ब्रिटिश संसदेतला ब्लॅक रॉड नावाचा अधिकारी आज काठीने फक्त दार ठोठावतो, पण काठी हातात असणं म्हणजे सत्ता असणं, हे तिथेही दिसतंच.

प्रतिसाद 3:
तुम्ही सगळे दोन प्रश्न एकात कालवताय. त्या काळी अर्थ काय होता हा एक, आणि आज मारावं का हा दुसरा. स्वीडनने 1979 मध्ये घरात मारायलासुद्धा कायद्याने बंदी घातली, ते काही रॉडचा अर्थ शोधून नाही.

प्रतिसाद 1:
हेच म्हणतोय मी. मुलांवर हात उगारणं मला चूकच वाटतं, त्यासाठी वचनाचा अर्थ बदलायची गरज नाही.

प्रतिसाद 2:
तुम्हाला नसेल. पण जो बाप तेच वचन प्रमाण मानून छडी उचलतो त्याला स्वीडनचा कायदा सांगून काय होणार, त्याच्याशी त्या वचनावरच बोलावं लागेल ना.