‘अफोर्डेबिलिटी’ला मराठीत काय म्हणावं? ‘परवड’ चालेल का?

गंगापूररोड :
नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका महाविद्यालयात देशाच्या ऊर्जाधोरणावर परिसंवाद आहे, त्याची माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. मूळ मांडणी त्रिकोणाची आहे. एका कोपऱ्यात हवामानाची उद्दिष्टं, दुसऱ्यात ‘एनर्जी सिक्युरिटी’, तिसऱ्यात ‘अफोर्डेबिलिटी’. आधीच्या खर्ड्यात तिसऱ्या कोपऱ्याचं नाव ‘विजेची परवड’ असं ठेवलं होतं, ते मी खोडलं. खर्डा करणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं, आवडणे-आवड, निवडणे-निवड, तसं परवडणे-परवड, यात वावगं काय? मला मात्र तो शब्द वाचला की ‘प्रवाशांची परवड’ हा पेपरातला मथळाच दिसतो. ‘परवडणारेपणा’ जिभेवर बसत नाही. ‘किफायतशीरपणा’ विकणाऱ्याच्या बाजूचा वाटतो. काय वापरावं?

संस्कृतवर्ग :
व्याकरणाने ते गृहस्थ बरोबर आहेत, पण रूढी व्याकरणाला विचारून चालत नाही. आज परवड म्हणजे हाल, ओढाताण. जुन्या ओव्यांत ‘परवडी’ हा शब्द प्रकार, रीत या अर्थाने येतो. माझा तर्क असा की ‘काय परवडी झाली’ म्हणजे ‘काय गत झाली’, आणि पुढे त्यातली वाईट गत तेवढी शिल्लक राहिली. ‘गत’चंही तेच झालंय, ‘काय गत झाली त्याची’ म्हटलं की कुणाला चांगलं काही आठवत नाही. पुस्तिकेसाठी ‘सुलभमूल्यता’ घ्या. नेमका शब्द आहे.

यार्ड_पिंपळगाव :
सर, मान राखून सांगतो, ‘सुलभमूल्यता’ छापाल तर पान उलटलं जाईल. व्यापारात आम्ही ‘पडतळ’ म्हणतो. खरेदी, हमाली, तोलाई, भाडं, घट हे सगळं धरून माल कितीला पडला, ती पडतळ. वीज स्वस्त की महाग यावर वाद घालणारे पडतळ काढतच नाहीत. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते, बरोबर. पण ती भर दुपारची. तीच संध्याकाळी सातला हवी असेल तर बॅटरीचा खर्च धरा, वाहिन्यांचा धरा. कोळशाच्या विजेला वाहतूक धरा, राखेची विल्हेवाट धरा. मग बोला. पडतळ म्हणजे अफोर्डेबिलिटी नव्हे हे मान्य, पण पुस्तिकेत हा शब्द आलाच पाहिजे.

निफाडकर :
आमच्याकडे ‘कांद्यात परवड नाही राहिली’ असं सर्रास म्हणतात, म्हणजे परवडत नाही याच अर्थाने. त्या गृहस्थांनी शब्द हवेतून काढलेला नाही.

मुंबईनाका :
भाऊ, माझं माहेर निफाड तालुक्यातलंच. ‘परवडत नाही’ जन्मभर ऐकलं. ‘परवड नाही’ एकदाही नाही.

निफाडकर :
ताई, गोदाकाठच्या गावांत ऐकाल. पाच-दहा मैलांवर बोली बदलते.

एकलहरे_निवृत्त :
परवडीचं काय ते तुम्ही ठरवा. माझी हरकत दुसऱ्या कोपऱ्याला आहे. ‘सिक्युरिटी’ला सगळे डोळे मिटून ‘ऊर्जासुरक्षा’ लिहितात. माझी सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात झाली. तिथे सुरक्षा म्हणजे हेल्मेट, हातमोजे, परमिट घेतल्याशिवाय लाइनला हात न लावणं. ‘सुरक्षा’ आणि ‘सुरक्षितता’ यांत निदान फरक तरी ठेवा. खरं तर दोन्ही नकोत. धोरणात जे म्हणायचंय ते म्हणजे ऐन वेळी इंधन कमी पडू नये. त्याला मराठीत शब्द आहे, ‘बेगमी’. पावसाळ्याआधी आपण धान्याची, सरपणाची करायचो ती. २०२१च्या ऑक्टोबरात देशातल्या कितीतरी केंद्रांत चार दिवसांचाही कोळसा उरला नव्हता. बेगमी हुकली होती. कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, म्हणून विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरला जमिनीखाली साठे केले. ही बेगमीच.

आणि ओघात आलंय म्हणून सांगतो. ग्लासगोच्या हवामान परिषदेत, २०२१ सालीच, कोळशाबाबत ‘फेज आउट’ होतं ते भारताच्या आग्रहावरून ‘फेज डाउन’ झालं. त्या एका शब्दावर किती ओढाताण झाली! मराठी बातम्यांत मात्र दोन्हींना ‘टप्प्याटप्प्याने बंद’ छापून आलेलं मी वाचलंय. पहिलं म्हणजे ‘मोडीत काढणं’, दुसरं म्हणजे ‘आवरतं घेणं’. एकलहऱ्याचे १४० मेगावॉटचे दोन जुने संच मोडीत निघाले. २१०चे तीन राहिले, म्हणजे ६३०. ज्याचं घर त्यावर चाललं त्याला हा फरक शब्दकोशात बघावा लागत नाही.

संस्कृतवर्ग :
‘आवरतं घेणं’ उत्तम. ‘बेगमी’ फारसीतून आलाय, शुद्धतेचा आग्रह असेल तर ‘तरतूद’ घ्यावा.

मुंबईनाका :
सर, तरतूद तरी कुठे आपल्या घरची? तोही तिकडूनच आलाय.

निफाडकर :
काका, बेगमी सरकारची. ज्याला वीज वापरायची त्याचा शब्द ‘शाश्वती’. ‘लाईटीची शाश्वती नाही’ हे गावात म्हातारं माणूसही म्हणतं. सुरक्षेबद्दल तुम्ही लिहिलंत, तर आमची बाजूही ऐका. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल २०२४पासून माफ आहे. म्हणजे तुमच्या त्रिकोणातला परवडण्याचा कोपरा आमच्यापुरता सुटला म्हणायचा. पण एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की बाराला उठायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, उसाच्या कडेने विहिरीपर्यंत जायचं. चालताना तोंडाने आवाज काढत राहायचा, बिबट्या असला तर बाजूला व्हावा म्हणून. स्टार्टरची पेटी उघडण्याआधी काठीने ठोकायची, आत विंचू असतो. मोटर धरली की बांधावर बसून राहायचं, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बिल शून्य आणि परवड चालूच. आता सांगा, ‘ऊर्जासुरक्षा’ हा शब्द चुकीचा कसा? आम्हाला तो अक्षरशः लागू पडतो. सौर कृषी वाहिनी योजनेत दिवसा वीज द्यायचं म्हणतात. ती जिथे खरोखर आली तिथे हवामानाचं उद्दिष्ट कुणी विचारत नाही, पण तेही साधतंच.

एकलहरे_निवृत्त :
भाऊ, हे वाचून गप्प झालो. तरी धोरणाच्या कागदावर तो अर्थ नाही एवढंच म्हणेन.

सौरछप्पर_सिडको :
‘शाश्वती’ मलाही आवडला, पण अडचण आहे. ‘सस्टेनेबल’ला आपण ‘शाश्वत’ करून बसलोय. एकाच पानावर ‘शाश्वत ऊर्जा’ आणि ‘ऊर्जेची शाश्वती’ आलं तर वाचणारा गोंधळेल. शिवाय दोन्हींचा नेहमी मेळ बसतोच असं नाही: सूर्य शाश्वत, पण ढगाळ आठवड्यात त्याची शाश्वती नाही. माझ्या गिऱ्हाइकांना हे समजावतानाच निम्मा वेळ जातो.

दुसरी जोडी ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’. देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म इंधनांचा, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्यांचा, वाटा निम्म्यावर न्यायची मुदत २०३० होती, ती २०२५मध्येच गाठली. बातमी खरी आहे, अभिमानाची आहे. पण लोक समजतात निम्मी वीज सूर्य-वारा-पाण्याची झाली. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या घरात आहे. पॅनेल रात्री चालत नाही, औष्णिक संच चालतो. पुस्तिकेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी जाऊ देऊ नका, ताई.

गंगापूररोड :
सगळ्यांचे आभार, ‘आवरतं घेणं’ तर मी लगेच घेतलं. पण अफोर्डेबिलिटी तशीच राहिली. शिवाय पुढच्या पानावर ‘पंप्ड स्टोरेज’ आहे, म्हणजे पाणी उंचावर चढवून ठेवायचं आणि हवी तेव्हा त्यापासून वीज करायची. त्याला ‘उदंचन’ लिहू ना?

मुंबईनाका :
नको! भंडारदऱ्याहून घाटघरला जाताना ‘उदंचन जलविद्युत’ वाचून मुलांनी अर्थ विचारला, गाडीतल्या एकालाही सांगता आला नाही. २५० मेगावॉटचा एवढा मोठा प्रकल्प, आणि नाव असं.

संस्कृतवर्ग :
उदंचन म्हणजे पाणी वर काढणं, आणि ते काढायचं भांडंही. आपला पोहरा. विहिरीशी नातं असलेला शब्द परका कसा?

यार्ड_पिंपळगाव :
मग ‘उपसा’ घ्या. उपसा सिंचन पोरासोरांना कळतं. ‘उपसा वीज’ म्हटलं की काम झालं.

सौरछप्पर_सिडको :
उपशात पाणी वर जातं आणि पिकात मुरतं. इथे तेच पाणी खाली येऊन वीज करतं आणि परत वर जातं. मागणी नसते तेव्हा चढवायचं, असते तेव्हा सोडायचं. पूर्वी चढवायची वेळ रात्रीची असे. सौर वीज वाढतेय तशी ती दुपारवर येतेय. ‘उपसा’त ही फेरी दिसत नाही.

निफाडकर :
‘चढउतार’ म्हणा.

यार्ड_पिंपळगाव :
तो भावांना लागतो, भाऊ. बाजारभाव समजतील लोक.

संस्कृतवर्ग :
म्हणूनच म्हणतो, ज्या शब्दावर आधीचा अर्थ चढलेला नाही तोच परिभाषेला बरा. उदंचन.

मुंबईनाका :
आणि तो कळावा म्हणून खाली ‘उपसा’ लिहून समजावणार ना, सर?