धर्मादाय रुग्णालयांच्या दरांवर सरकारची नजर हवी की नको?

गिरगावकर
मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १०% खाटा निर्धनांना मोफत, १०% दुर्बल घटकांना सवलतीत. खाटांबद्दल सगळे बोलतात, दरांबद्दल कुणीच नाही. निर्धन रुग्णाचं बिल सर्वांत खालच्या वर्गाच्या, म्हणजे जनरल वॉर्डच्या दराने बनतं आणि निर्धन रुग्ण निधीतून, म्हणजे आयपीएफमधून वळतं होतं. या निधीत एकूण बिलांच्या २% रक्कम जाते. पण दर ठरवतं रुग्णालयच! करसवलत घेता, तर दरपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे द्या आणि तपासूही द्या.

हिशेबनीस
दर दुप्पट केले तर निधीही दुप्पट होणार. मग गरिबाचं काय गेलं? जनरल वॉर्ड तोट्यात चालतो, तो तोटा स्पेशल रूमवाला भरून काढतो. दर बांधलेत तर पहिली कात्री जनरल वॉर्डलाच लागेल.

गिरगावकर
सगळे दर एकाच पटीत वाढले तरच तुमचं गणित बरोबर. नुसता जनरल वॉर्डचा दर वाढवला तर? समजा निधी २ कोटी. ऑपरेशन १ लाखाला धरलं तर २०० जणांचं होईल, दीड लाखाला धरलं तर १३३ जणांचं. उरलेले पालिकेच्या केईएम रुग्णालयाच्या रांगेत. दर बांधा असं मी म्हणतच नाहीये, आधी उघड करा म्हणतोय.

परळची ताई
रुग्णांच्या नातेवाइकांसोबत मी अशा काउंटरवर जाते. तहसीलदारांचा दाखला, पिवळं रेशनकार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं असतं. पलीकडून उत्तर येतं, ‘या महिन्याचा फंड संपला.’ पेशंट आत, बाहेर डिपॉझिटची चिंता. शिल्लक दाखवा म्हणायची हिंमत कुणाला होणार? तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही, हेही कुणी सांगत नाही. रोजची शिल्लक काउंटरवरच लावा.

हिशेबनीस
ताई, शिल्लक लावायला माझी अजिबात हरकत नाही. विरोध दर बांधण्याला आहे. २०२० मध्ये कोविडसाठी सरकारने दिवसाला साध्या वॉर्डचे ४,०००, आयसीयूचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह आयसीयूचे ९,००० रुपये ठरवले. पीपीई किट, महागडी औषधं त्याबाहेर राहिली आणि बिलं तिथूनच वाढली.

परळची ताई
म्हणून तर अख्खं बिल तपासायला हवं, किटसकट. नुसत्या खाटेच्या दरावर नजर ठेवून भागणार नाही, हे तुमच्याच उदाहरणावरून दिसतंय.