मदत हवी आहे: ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’च्या कार्डांवरचे निष्कर्ष कसे मोजायचे?

नमस्कार मंडळी,

नववी-दहावीच्या मुलांसाठी ‘पुरावा कसा तोलायचा’ यावर एक सत्र घ्यायचं आहे. त्यासाठी अमेरिकी हवाई दलाने केलेला उडत्या तबकड्यांचा तपास, म्हणजेच ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’, निवडलाय, कारण त्याची कागदपत्रं आता सर्वांना खुली आहेत. १९४७ ते १९६९ मधल्या एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ‘अनोळखी’. म्हणजे साधारण साडेपाच टक्के. हा आकडा सगळीकडे सापडतो, पण तो तयार कसा झाला तिथे माझं घोडं अडलंय.

प्रत्येक प्रकरणाला एक छापील कार्ड असायचं, ‘प्रोजेक्ट १००७३ रेकॉर्ड कार्ड’. त्यात निष्कर्षाच्या चौकटी अशा: फुगा होता, बहुधा फुगा, कदाचित फुगा. विमान आणि ग्रहताऱ्यांसाठीही तशाच तीन-तीन. शिवाय ‘माहिती अपुरी’ आणि ‘अनोळखी’ या वेगळ्या. मला ही रचना फार प्रामाणिक वाटते. तपासणाऱ्याला आपली खात्री किती आहे ते सांगावंच लागतं. पण प्रकल्पाचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक यांनीच नंतर टीका केली, की वार्षिक गोळाबेरजेत ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ गळून पडायचं आणि थेट ‘विमान’ म्हणून मोजलं जायचं.

दुसरी अडचण बदललेल्या निष्कर्षांची. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल आकाशातल्या एका वस्तूच्या मागे ऑक्सिजनशिवाय फार उंच गेले आणि विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. आधी सांगितलं गेलं, तो शुक्र होता. पुढे नौदलाचा ‘स्कायहुक’ फुगा असावा असं मत झालं. हे फुगे तेव्हा गुप्त होते, त्यामुळे तपास करणाऱ्यांना ते माहीत असण्याची शक्यताच कमी. अशी प्रकरणं शेवटच्या शेऱ्यावरून मोजायची की पहिल्या?

तर विचारायचं ते असं:

‘नक्की’, ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ यांची वेगवेगळी मोजणी कुणी केली आहे का? निदान एखाद्या वर्षाची? १९५२ ची मिळाली तर उत्तमच, कारण त्या वर्षी नोंदींचा पूर आला होता.

अमेरिकेत राहणाऱ्यांपैकी कुणी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मायक्रोफिल्म पाहिल्या आहेत का? स्कॅनमध्ये काही कार्डांवर चौकटीतली खूण इतकी पुसट आहे की कुठली चौकट ते कळत नाही. मूळ फिल्मवर नीट दिसतं का?

आणि लडाखमध्ये २०१२-१३ ला आपल्या जवानांनी टिपलेले दिवे गुरू आणि शुक्र निघाले, ते भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. त्या तपासाबद्दल वर्तमानपत्रांपलीकडे काही वाचायला मिळेल का? मुलांना आपल्याकडचंही उदाहरण द्यायची फार इच्छा आहे.

परग्रहवासी आहेत की नाहीत ही चर्चा कृपया दुसऱ्या धाग्यावर करू या. इथे कार्डांचंच बोलू.