काढ्यानं फुफ्फुसं धुतली जात नाहीत, आणि निकोटिनचं गम असं चावायचं नसतं

श्वासमार्गी (धागाकर्ता)

एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय: "सिगारेट एकदम सोडू नका, शरीराला धक्का बसतो. रोज एक कमी करा. आलं-गूळ-हळदीचा काढा घ्या, तीन दिवसांत फुफ्फुसं धुऊन निघतात. निकोटिनचं गम नको, ते नवं व्यसन." सोडायला निघालेला माणूस हे वाचून पुन्हा टपरीवर जातो, म्हणून सविस्तर लिहितोय.

काढा पोटात जातो. श्वासनलिका साफ करतात ते तिच्या अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू. धुरानं ते मंदावतात आणि सोडल्यावर काही आठवड्यांत पुन्हा हलू लागतात. म्हणूनच सुरुवातीला खोकला आणि कफ वाढतो. "ओढत होतो तेव्हाच बरा होतो" हे वाक्य नेमकं तेव्हाच ऐकू येतं.

आता गम, म्हणजे धुराशिवाय थोडं निकोटिन देऊन तलफ भागवणारं. लोक ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात. निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते, आणि "मला सोसत नाही" म्हणून पाकीट कपाटात पडून राहतं. खरी पद्धत अशी: सावकाश चावा, तिखट झिणझिणी आली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. चव ओसरली की पुन्हा थोडं चावा आणि बाजू बदला. असा अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत नाही. आंबटपणानं गालातून निकोटिन शोषलं जात नाही. आपल्याकडे तलफ येते ती चहाबरोबरच, त्यामुळे घोट घेऊन लगेच गम टाकलं जातं आणि ते वाया जातं.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, नाहीतर 2. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, तलफेची वाट न बघता. पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. 2 चं चिठ्ठीशिवाय मिळतं, 4 ला चिठ्ठी लागते. दिवसभर ओढणारा माणूस 2 ची चार गमं खाऊन "गुण नाही" म्हणतो, तेव्हा त्याला डोसच मिळालेला नसतो.

रोखठोक सातारकर

काढ्याचं सोडा. पण हळूहळू कमी करणाऱ्याला का झोडताय? रात्रीची गाडी चालवणाऱ्याला "उद्यापासून शून्य" सांगून बघा, तो तुमच्याकडे परत फिरकणार नाही. वीसच्या दहा झाल्या तर निम्मं नुकसान टळलं ना? आणि बारा आठवड्यांच्या गमचे पैसे आधी काढायचे कुठून? सिगारेट सुटी मिळते.

श्वासमार्गी

सुटी विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, टपरीवर चालतं ते बेकायदा. आणि वीसच्या दहा म्हणजे निम्मा धूर नव्हे. कमी ओढणारा झुरका खोल घेतो, धूर जास्त वेळ आत धरतो, थोटूक बोटं भाजेपर्यंत ओढतो. शरीर आपलं निकोटिन वसूल करून घेतं.

2016 मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले 49 टक्के टिकले, हळूहळूवाल्यांतले 39. म्हणजे तुमच्या मार्गानंही लोक सुटतात, एवढं मान्य करतो. पण त्यांना तारीख दिलेली होती: दोन आठवड्यांत पाव हिश्श्यावर यायचं, मग शून्य. "बघू, कमी करतोय" याला कमी करणं म्हणत नाहीत.

टेम्सकाठचा कोकणी

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, कोणी बोलतच नाही! इथे ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडायला व्हेप सुचवते. 2019 च्या चाचणीत वर्षाअखेर व्हेपवाले 18 टक्के सुटले, गम किंवा निकोटिनची पट्टी वापरणारे 10. भारतानं त्याच वर्षी व्हेपवर बंदी घातली आणि विडी-सिगारेट मात्र चौकाचौकांत ठेवली. हा न्याय कुठला?

औषधवाली

त्याच चाचणीतलं पुढचं वाक्य का गाळलंत? व्हेपनं सिगारेट सुटलेल्यांपैकी 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांत औषध चालू असलेले 9 टक्के. आणि इथे चोरून विकलं जातं त्यात निकोटिन किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. 2019 मध्ये अमेरिकेत फुफ्फुसं निकामी होऊन माणसं मेली, ते विसरलात?

टेम्सकाठचा कोकणी

ते प्रामुख्यानं गांजाच्या अर्काच्या काडतुसांमुळे, त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे. औषधांच्या व्यवसायात असून दोन गोष्टी एकत्र करून लोकांना घाबरवू नका.

औषधवाली

अमेरिकेबद्दल तुमचं बरोबर. इथल्या चोरट्या मालाबद्दल मी बोलले ते तसंच राहील.

गोंदियाची चूल

तुमचं पाकीट-व्हेप चालू द्या. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 3.8 टक्के, बिनधुराचा तंबाखू घेणारे 24.4. तरी धाप लागलेल्या बायका दवाखान्यात दिसतात, ज्यांनी विडी हातात धरलेली नाही. चूल, न्हाणीघरातला बंब, रात्रीची मच्छरांची कॉइल, यावर एक ओळ नाही?

रोखठोक सातारकर

बरोबर! एक कॉइल म्हणजे शंभर सिगारेटी. मग सिगारेटवाल्यांच्याच मागे का लागता?

श्वासमार्गी

हेच वाक्य सबब म्हणून वापरलं जातं, म्हणून चीड येते. हा आकडा आला त्या 2003 च्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके मोजले. हा आकडा फक्त कणांचा. कॉइलचा धूर खोलीभर पसरतो, सिगारेटचा थेट श्वासनळीत ओढला जातो. कॉइल वाईट आहेच, त्यानं सिगारेट माफ होत नाही.

गोंदियाची चूल

सबब कोण देतंय? घरातल्या पुरुषानं विडी सोडली आणि बंब तसाच राहिला, तर त्याच्या नळ्यांना अर्धीच सुटका. ओलं लाकूड घालू नका, धूर त्याचाच जास्त. पेटवायला प्लास्टिक तर मुळीच नको. धुराडं छपराच्या वर न्या, भिंतीतून काढून अंगणात सोडलं तर धूर खिडकीतून परत येतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून. आणि विडी सोडून तोंडात मळलेला तंबाखू आला, तर त्याला सोडणं म्हणू नका.

श्वासमार्गी

बंबाचं मूळ लेखात यायला हवं होतं, घालतो.

औषधवाली

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्यानं फोडत असतं. धूर थांबला की ते काम मंदावतं. तेवढ्याच चहानं छातीत धडधडतं, झोप उडते, आणि माणूस समजतो की तलफेनं होतंय. चहा निम्म्यावर आणा. गम घेतलं तरी हे होतंच, कारण याचं मूळ धूर आहे, निकोटिन नव्हे. दम्यासाठी थिओफायलिनच्या गोळ्या चालू असतील तर जास्त जपा. त्याचंही रक्तातलं प्रमाण असंच चढतं, मळमळ आणि धडधड सुरू होते. सोडायची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते डोस कमी करतील. पंप मात्र आपल्या मनानं बंद करू नका.