स्निपेटने उगवलेली शेल स्क्रिप्ट आपली म्हणायची का?

टर्मिनलवाला: विम या टेक्स्ट एडिटरमध्ये मी शेल स्क्रिप्टसाठी (टर्मिनलच्या कमांड्सची फाइल) दहाएक अब्रेव्हिएशन्स करून ठेवलीत, म्हणजे छोटं नाव टाइप केलं की पूर्ण मजकूर उमटवणारी स्निपेट्स. तीन अक्षरं आणि स्पेस, की शेबँग (स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ), खाली 'सेट -ईयूओ पाइपफेल' (काही फसलं की स्क्रिप्ट थांबवणारी ओळ), एमकेटेम्प कमांडने केलेली तात्पुरती डिरेक्टरी आणि शेवटी ती पुसणारा ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी कमांड), सगळं हजर. एका सहकाऱ्याच्या मते ही पळवाट आहे. हाताने लिहिल्याशिवाय शेल अंगात मुरत नाही म्हणे. मला नाही पटत. ट्रॅपमधले कोट्स मी दरवेळी चुकवायचो. दुहेरी कोट दिले तर व्हेरिएबलची किंमत ट्रॅप लावतानाच ठरते, एकेरी दिले तर तो चालतो तेव्हा. एकदा नीट लिहून ठेवलं, विषय संपला.

घुबड: विषय तिथेच सुरू होतो! माझाही असाच सांगाडा होता. फाइली मोजायला लूपमध्ये दुहेरी कंसात 'आय प्लस प्लस' (आय एकने वाढव) लिहिलं. आय शून्य असताना त्या कंसाचं उत्तर वाढीआधीची किंमत, म्हणजे शून्य, म्हणून एक्झिट स्टेटस १, म्हणजे 'कमांड फसली', आणि वर फसलेल्या कमांडवर स्क्रिप्ट थांबवणारं 'सेट -ई' टपून बसलेलं. स्क्रिप्ट पहिल्याच फाइलला गुपचूप बंद. एररचं अक्षर नाही. दीड तास मी परमिशन्स तपासत बसलो, कारण वरची ती ओळ मी लिहिलीच नव्हती, उगवली होती.

टर्मिनलवाला: अहो, मग दोष 'सेट -ई'चा. हाताने लिहिली असती तरी हेच झालं असतं.

घुबड: हाताने लिहिताना निदान ती हवी का, असं मनात येतं.

कंसातली: टायपिंगवरून काय भांडताय? स्निपेट म्हणजे नक्कल. आज त्यातली चूक दुरुस्त केलीत, तरी आधी चिकटवलेल्या वीस स्क्रिप्ट तशाच राहणार. शिवाय शेबँग 'एसएच'चा असेल आणि मशीनवर एसएच म्हणजे डॅश नावाच्या शेलची जुनी आवृत्ती, तर त्याला पाइपफेल (पाइपने जोडलेल्यांपैकी एकही कमांड फसली तर सगळं फसलं धरणारा पर्याय) कळतच नाही. स्क्रिप्ट त्या ओळीवरच मरते. पॉझिक्समध्ये, म्हणजे शेलसाठीच्या मानकात, पाइपफेल आलं तेच २०२४ साली.

नवशिका: मी अब्रेव्हिएशनला 'टीएमपी' नाव दिलंय. आता डॉलर लावून त्याच नावाचं व्हेरिएबल लिहायला गेलो तरी सात ओळी फुटतात 😭

टर्मिनलवाला: नाव टाइप केल्यावर कंट्रोल-व्ही दाबा, मग पुढचं अक्षर, फुटणार नाही. खरा उपाय म्हणजे नावाआधी एक जादा अक्षर लावा, स्क्रिप्टमध्ये कधीच येणार नाही असं.

@कंसातली, नकलेचा मुद्दा मान्य. लॉग लिहिणारं फंक्शन वेगळ्या फाइलीत टाकून सोर्स करतो, म्हणजे प्रत्येक स्क्रिप्ट ते तिथूनच वाचून घेईल. 'सेट'ची ओळही सांगाड्यातून काढतो, दरवेळी हाताने लिहीन. ट्रॅप मात्र राहणार.

घुबड: ट्रॅपला माझी हरकत नव्हतीच.