मासळीच्या पाटीवरचा क्यूआर: सोय की गळ?

हर्णैचा शेजारी
आमच्या बंदरावर लिलाव संपला की वाटे लावून बसणाऱ्या एक मावशी आहेत. पाटीलाच क्यूआर चिकटवलेला. गेल्या रविवारी कुणीतरी त्यावर दुसराच स्टिकर डकवला. पर्यटक सुरमई घेत होते, स्क्रीन दाखवत होते, मावशी मान डोलवत होत्या. रात्री मुंबईहून मुलाचा फोन: "आज बसली नव्हतीस काय गो?" खातं त्याचं, मावशींकडे साधा बटणांचा फोन. माझं स्पष्ट मत, मासळीला रोखच बरी.

खाडीपलीकडचा
रोख? ओल्या हाताने सुट्टे मोजत बसा मग! दोष कोडचा नाही. पैसे जाण्याआधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं, गिऱ्हाइकाने ते मोठ्याने वाचायचं. शिवाय पैसे जमा झाले की रक्कम बोलून सांगणारा स्पीकर मिळतो.

हर्णैचा शेजारी
स्पीकरला रेंज लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली, टॉवर मुके झाले. तेव्हा दुकानदार नोटाच घेत होता, नाहीतर वहीवर मांडत होता.

मालवणचो
वादळ रोज येना नाय, चोर येतत. माझ्याकडे खोल्या भाड्याने असतात. "मी लष्करातला, ॲडव्हान्स पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका" असा फोन आला. टाकला, आणि माझेच गेले. अरे, पैसे येवचे आसतीत तर पिन कित्याक व्हयो? हां साधा गणित, पण त्या घाईत सुचला नाय. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलं.

खाडीपलीकडचा
म्हणजे शिकायला हवं, हेच मी म्हणतोय.

दापोलीची सून
शिका शिका काय! मावशींनी शिकून बघायचं कुठे? मेसेज मुलाच्या फोनवर, स्पीकर नाही. कमाई तिची आणि हिशेब दुसऱ्याच्या खिशात, खरं दुखणं ते आहे. आधी खातं तिच्या नावाने करा, तिचा नंबर जोडा. साध्या फोनवरही मेसेज वाजतो.

खाडीपलीकडचा
हे मात्र पटलं. रोखीचं नाही पटलं.

हर्णैचा शेजारी
बँकेत घेऊन जातो म्हटलं तर मावशी म्हणाल्या, "लेकाला काय वाटेल?" सध्या कोड पाटीवरून निघून बटव्यात गेलाय. सुट्टे नसलेल्यालाच दाखवतात.